झिरोला निघण्यापूर्वी

नमस्कार,

अरुणाचल प्रदेशातल्या झिरो खोऱ्याची सहल आपण आमच्याकडे नोंदवलीत, आभार. सामान भरण्याआधी हे पान घरातल्या सगळ्यांनी वाचावे.

अरुणाचलात जायला भारतीय नागरिकांनाही इनर लाइन परमिट लागते. अर्ज आम्ही करू. मूळ ओळखपत्र मात्र हाताशी ठेवा, नाक्यावर तपासतात.

झिरो सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे. इथली वस्ती आपातानी समाजाची. खोऱ्याच्या तळाला भातखाचरेच खाचरे, आणि मशागतीला नांगर नाही की बैल नाही, सगळे हातांनी. खाचरातल्या पाण्यात मासे वाढतात, बांधावर नाचणी. म्हणून फोटोसाठी बांधावर गर्दी करू नका. बांध खचला तर पाणी जाते, त्याबरोबर मासेही, आणि हे कुणाचे तरी वर्षाचे अन्न आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. वृद्ध आपातानी स्त्रियांच्या चेहऱ्यावर गोंदण आणि नाकपुड्यांत गोल चकत्या दिसतील. ही प्रथा १९७०च्या दशकात थांबली. अशा आजी आता थोड्याच उरल्यात आणि येणारा प्रत्येक कॅमेरा त्यांच्याकडेच वळतो. गोंदण आपल्याही आज्या-पणज्यांच्या कपाळावर होते. अंगणात बसलेल्या आजीचे असे न विचारता फोटो काढलेले आपल्याला चालले असते का? आधी शेजारी बसा, दोन शब्द बोला, मग विचारा. त्या नको म्हणाल्या तर कॅमेरा पिशवीत. लांबून झूम करूनही नको.

मुक्काम गावातल्या घरी असतो. जुनी घरे बांबूची, खांबांवर उभारलेली, आत धगधगती चूल. तिच्याभोवती बसून जेवण होते. बांबूचे कोंब आणि वनस्पतींच्या राखेपासून केलेले ताप्यो नावाचे मीठ घातलेला पदार्थ जरूर चाखा. शाकाहारी असाल तर नोंदणीच्या वेळीच कळवा. त्याच चुलीवर मांसही शिजते, हे धरून चला. तांदळाची बिअर घ्यायची नसेल तर हात जोडून नम्रपणे सांगा.

५ जुलैचा द्री हा शेतीचा सण. मार्चमधला म्योको आळीपाळीने गावे भरवतात आणि त्यात डुकरांचा बळी देतात. ते पाहवणार नसेल तर आताच सांगा, तारखा बदलून देऊ.

हिवाळ्यात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि रात्री कडाक्याची थंडी पडते. गरम कपडे आणि विजेरी वरच्याच पिशवीत ठेवा.