ताणामुळे अंगावर पित्त उठणे

मनावर ताण आला की काहींच्या अंगाला खाज सुटते आणि लालसर, फुगीर गांधी उठतात. वैद्यकात याला अर्टिकेरिया म्हणतात. घरात मात्र ‘अंगावर पित्त उठले’ एवढेच म्हटले जाते. दिसायला हा प्रकार थेट अ‍ॅलर्जीसारखा असतो. खाज तीच, सूज तीच आणि बहुतेक वेळा गोळीही तीच. पण शेंगदाणा, कोळंबी, परागकण असे बाहेरून आलेले निमित्त शोधूनही सापडत नाही. सापडते ती दुसऱ्या दिवशीची मुलाखत, घरातले भांडण किंवा आजारी माणसाच्या उशाशी काढलेली जागरणे. एकेक गांध सहसा २४ तासांच्या आत मागे डाग न ठेवता विरते, पण तोवर दुसरीकडे नवी उठलेली असते. कधी ओठ आणि पापण्याही सुजतात.

मराठीत ‘पित्त’ हा शब्द दोन कामे करतो आणि त्यातून घोटाळा होतो. आंबट ढेकर येणे, छातीत जळजळणे हेही पित्तच. त्यामुळे अंगावर गांधी उठलेला माणूस पोटात आम्ल वाढले असे समजून तिखट-आंबट बंद करतो आणि खाज का थांबत नाही म्हणून चिंतेत पडतो. पोटातल्या आम्लाचा या गांधींशी संबंध नाही. आयुर्वेदात या विकाराला शीतपित्त, उदर्द आणि कोठ अशी नावे आहेत. माधवनिदान या जुन्या वैद्यकग्रंथात या सुजेला वरटीच्या, म्हणजे गांधीलमाशीच्या, दंशाची उपमा दिली आहे. मराठीतही गांध आणि गांधीलमाशी हे शब्द शेजारी शेजारी नांदतात. ही उपमा नुसती दिसण्यापुरती नाही. गांधीलमाशीच्या विषातले काही घटक त्वचेतल्या ज्या पेशींना डिवचतात, त्याच पेशी ताणातल्या पित्तामागेही असतात.

त्या म्हणजे मास्ट पेशी. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८७८ मध्ये त्यांना हे नाव दिले. जर्मनमध्ये ‘मास्ट’ म्हणजे खाऊ घालून पुष्ट करणे. पेशी कणांनी गच्च भरलेल्या दिसल्या, म्हणून त्या खाऊनपिऊन पुष्ट झालेल्या असाव्यात, असा त्यांचा समज होता. ते कण अन्नाचे नव्हते. त्यांत हिस्टामिन आणि इतर दाहक द्रव्ये साठवलेली असतात. पेशीतून हिस्टामिन बाहेर पडले की आसपासच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपते, त्वचा फुगते आणि मज्जातंतू डिवचले जाऊन खाज सुटते.

नेहमीच्या अ‍ॅलर्जीत या पेशींना चेतवण्याचे काम आयजीई हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) करते. आयजीईचा शोध १९६६ मध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने लावला. पण मास्ट पेशीला जागे करण्याचे इतरही मार्ग आहेत आणि ताण त्या मार्गांनी येतो. त्वचेतले मज्जातंतू सबस्टन्स-पी नावाचे द्रव्य सोडतात, ते आयजीईशिवायच या पेशींना उद्दीपित करू शकते. ताणाच्या वेळी मेंदूतून स्रवणारे सीआरएच हे संप्रेरक त्वचेतही तयार होते आणि तेही मास्ट पेशींवर काम करते. म्हणजे मनातली धास्ती आणि दंडावरची गांध यांच्यामध्ये रसायनांची साखळी आहे. ‘हे सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असे खाजेने रात्र जागून काढलेल्या माणसाला सांगणे क्रूर आहेच, शिवाय ते शास्त्राच्या दृष्टीनेही चूक आहे.

ताणाशी सरळ जोडलेले दोन प्रकार वेगळे ओळखता येतात. पहिला कोलिनर्जिक. अंग तापले, घाम यायला लागला किंवा मन एकदम धास्तावले की छाती, मान आणि दंडांवर टाचणीच्या डोक्याएवढे असंख्य फोड उठतात, टोचल्यासारखे होते आणि बहुधा तासाभरात सारे शमते. हा मुख्यतः तरुण वयात दिसतो. दुसरा, अ‍ॅड्रिनर्जिक, फार विरळा. त्याचे वर्णन १९८५ मध्ये प्रथम झाले. त्यात लाल ठिपक्याभोवती फिकट पांढरे वलय असते.

याहून कितीतरी अधिक लोकांत ताण हे मूळ कारण नसते. आधीच असलेल्या विकाराला तो चेतवतो. अमेरिकेत ओहायो येथे झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात परागज्वराच्या, म्हणजे परागकणांनी शिंका-सर्दी होणाऱ्या, रुग्णांना अनोळखी परीक्षकांसमोर भाषण करायला आणि तोंडी गणिते सोडवायला लावले. ज्यांची घालमेल अधिक झाली, त्यांच्या त्वचाचाचणीतल्या (अ‍ॅलर्जीचे द्रव्य त्वचेत टोचून पाहण्याच्या चाचणीतल्या) गांधी मोठ्या आल्या, दुसऱ्या दिवशीसुद्धा. याच्या बऱ्याच आधी, १८८६ मध्ये, बाल्टिमोरचे डॉक्टर जॉन मॅकेन्झी यांनी गुलाबाने दमा उसळणाऱ्या एका रुग्ण स्त्रीपुढे कृत्रिम गुलाब धरला होता. परागाचा एक कणही नसताना तिला झटका आला. १९८४ मध्ये गिनीपिगांवरच्या प्रयोगात याचे रासायनिक रूप दिसले: अ‍ॅलर्जी आणणाऱ्या द्रव्याबरोबर एक विशिष्ट वास वारंवार दिल्यावर पुढे नुसत्या वासानेही त्यांच्या रक्तातले हिस्टामिन वाढले. शरीर शिकते आणि चुकीचेही शिकते.

तरीही ‘ताणामुळे’ हे निदान घाईने करू नये. विषाणुसंसर्ग हे अचानक उठणाऱ्या पित्ताचे फार मोठे कारण आहे. सहा आठवड्यांहून अधिक काळ रेंगाळणाऱ्या पित्तात अनेकदा शरीराचे स्वतःविरुद्धचे प्रतिपिंड आढळतात. अशा काहींना थायरॉइडचाही विकार असतो. एक फसवी गोष्ट वेदनाशामकांची. ताणाने डोके दुखते, माणूस अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतो, तासाभरात गांधी उठतात आणि दोष मात्र ताणाला जातो. म्हणून केव्हा उठले, त्याआधी काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, काय घडले, हे काही आठवडे वहीत टिपून ठेवावे. महागड्या तपासण्यांच्या लांबलचक यादीपेक्षा डॉक्टरांना त्या वहीतून अधिक कळते. गांधींचे मोबाइलवर फोटोही काढावेत, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत त्या विरलेल्या असतात.

उपचारात पहिले स्थान फारशी झोप न आणणाऱ्या अँटीहिस्टामिन गोळ्यांचे. गांधी उठल्यावर अधूनमधून घेण्यापेक्षा डॉक्टर सांगतील तितके दिवस रोज घेतल्यास त्या जास्त उपयोगी पडतात. त्यांनी भागले नाही तर तज्ज्ञ डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा आयजीईला अडवणाऱ्या ओमॅलिझुमॅब या औषधाचे इंजेक्शन देतात. खाजेने झोप मोडते, झोपमोडीने ताण वाढतो आणि ताणाने पुन्हा खाज, असे हे चक्र असते. त्यामुळे झोप सावरणे हाही उपचारच आहे. मात्र श्वास कोंडणे, जीभ किंवा घसा सुजणे, आवाज घोगरा होणे, चक्कर येऊन कोसळणे यांपैकी काहीही झाले तर ते ताणाचे समजून थांबू नये. अशा वेळी मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन लागते, तेही तत्काळ.

कोकणात आणि देशावरही आमसुलाचे पाणी अंगाला लावण्याची जुनी रीत आहे. गार पाण्याने खाज घटकाभर निवते, तेवढा आराम त्यातून नक्की मिळतो. काही घरांत त्यावर घोंगडी पांघरायला देतात. ऊब आणि घामाने उठणाऱ्या कोलिनर्जिक पित्तात ती टाळावी. तेथे पंख्याखाली, सैल सुती कपड्यांत बसणेच बरे.