गॅमा किरण दिलेला कांदा किरणोत्सर्गी होतो का?

‘लासलगावला गॅमा किरण मारलेला कांदा किरणोत्सर्गी होतो, खाऊ नका’ असा मेसेज अधूनमधून फिरतो. भीती समजण्यासारखी आहे, पण तसं होत नाही.

गॅमा किरण म्हणजे प्रकाशच, फक्त प्रचंड ऊर्जेचा.

हे किरण कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी धातूतून येतात. तो पोलादी नळीत बंद असतो, कांद्याला शिवतही नाही. त्याच्या किरणांची ऊर्जा 1.17 आणि 1.33 एमईव्ही (हे अणूंच्या ऊर्जेचं एकक). कांदा किरणोत्सर्गी व्हायचा तर त्याच्या अणुकेंद्रांत बदल व्हायला हवा, पण कांद्यातल्या कार्बन-ऑक्सिजनच्या अणुकेंद्रातून न्यूट्रॉन हा कण उडवायला 15 एमईव्हीहून जास्त लागते. म्हणून केंद्रं तशीच राहतात. फक्त कोंब फुटायचा थांबतो.

पडताळायचंय? कॉलेजच्या प्रयोगशाळेत गायगर काउंटरखाली (किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राखाली) आधी साधा, मग प्रक्रिया केलेला कांदा ठेवा. नेहमीचा किरकोळ चढउतार सोडला तर आकड्यांत फरक दिसणार नाही.