गाणं वाजवायला किती कॉम्प्युटर लागतो?

सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट. सीडीवरचं गाणं वाजत असतं तेव्हा दर सेकंदाला एवढीच माहिती हलते. हिशेब सोपा आहे. आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची, प्रत्येक मापाला १६ बिट द्यायचे आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल धरायचे. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा घरच्या यंत्रांसाठी हा आकडा दांडगा होता. आज यूएसबीची दुसऱ्या पिढीची जुनी वायरसुद्धा सेकंदाला ४८ कोटी बिटांसाठी बनवलेली असते, म्हणजे सीडीच्या सुमारे ३४० पट.

सांगली-मिरजेत कानसेन भरपूर. त्यातल्या कुणाला हॉलमधल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायला छोटा कॉम्प्युटर घ्यायचा असला, की पहिला प्रश्न हमखास येतो: आय-फाइव्ह घेऊ की आय-सेव्हन? आणि रॅम आठ जीबी पुरेल ना? पुरेल. खरं तर अर्धा जीबीसुद्धा पुरतो. २०१२च्या फेब्रुवारीत पहिला रास्पबेरी पाय, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर (पुढे नुसता ‘पाय’), ३५ डॉलरला आला. त्याचा एकच कोअर ७०० मेगाहर्ट्झवर चालायचा, तरी फ्लॅक फाइल, म्हणजे काहीही न गमावता दाबून लहान केलेलं गाणं, उलगडून वाजवणं त्याला जड गेलं नाही. फ्लॅकची रचनाच तशी आहे: दाबून लहान करताना कष्ट जास्त, उलगडताना अगदी कमी. त्यामुळे गाणी ऐकण्यासाठी प्रोसेसरवर पैसे ओतणं मला व्यर्थ वाटतं. पैसे कुठे घालायचे ते कळायला आधी आवाज कुठे बिघडतो ते पाहावं लागतं.

तो बिघडतो मुख्यतः वेळेत आणि विजेत.

आधी वेळेचं बघू. फाइलमधले आकडे डॅक नावाच्या चिपमध्ये जातात आणि तिथे त्यांची पुन्हा लहर होते. मोजताना दोन मापांमध्ये जेवढं अंतर होतं, तेवढंच अंतर आता राहायला हवं. पायच्या बोर्डावर जे मूळ स्फटिक-घड्याळ आहे, त्याच्या ठोक्यांना ४४,१०० च्या पटीने नेमका भाग जात नाही. मग चिप कधी एका संख्येने भागते, कधी पुढच्या, आणि सरासरी जुळवून घेते. सरासरी बरोबर येते, पण एकेक ठोका किंचित पुढे-मागे पडतो. यालाच जिटर म्हणतात. यावरचा उपाय म्हणून पायच्या डोक्यावर बसणाऱ्या चांगल्या डॅक-बोर्डांवर स्वतःची दोन घड्याळं असतात, एक २२.५७९२ मेगाहर्ट्झचं आणि दुसरं २४.५७६ मेगाहर्ट्झचं. पहिल्याला ५१२ ने भागलं की बरोबर ४४,१०० येतात, दुसऱ्याला भागलं की ४८,०००. अशा बोर्डावर ठोका डॅक देतो आणि पाय त्याच्यामागून चालतो.

यूएसबीवरच्या डॅकमध्येही आता बहुतेक ठिकाणी हीच युक्ती असते. तिला असिंक्रोनस म्हणतात. डॅक आपल्या घड्याळाप्रमाणे माल मागतो, कॉम्प्युटर तेवढा पुरवतो. एकदा ही व्यवस्था आली की मागे बसलेलं यंत्र पाच हजारांचं आहे की पन्नास हजारांचं, याच्याशी घड्याळाचा संबंध उरत नाही. तरीही ‘ऑडिओसाठी खास’ म्हणून विकलेल्या महागड्या यूएसबी वायरी लोक घेतात. घ्याव्यात बापड्यांनी.

पायचं हेडफोनचं भोक मात्र या सगळ्यातून वगळायचं. तिथे खरा डॅक नाही. वीज चालू-बंद करून, त्या चालू-बंदच्या रुंदीतून आवाज घडवलेला असतो. बातम्या ऐकायला ठीक, गाण्याला नाही. पाय ५ मध्ये तर ते भोक काढूनच टाकलंय, आणि पायच्या छोट्या झीरो मालिकेत ते कधी नव्हतंच.

विजेची बाजू समजून घ्यायला आपल्याकडे जगातलं एक उत्तम परीक्षायंत्र तयार होतं: मिरजेचा तंबोरा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तंबोऱ्यात काहीतरी वेगळं घडतंय हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ सालीच लिहून ठेवलं होतं. तार छेडली की मूळ सुराबरोबर त्याच्या पटीतले बारीक सूर, म्हणजे उपस्वर, उमटतात. साध्या तारेचा नियम असा, की जिथे छेडाल त्या जागी ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल, तो उपस्वर उमटत नाही. तंबोरा आणि वीणा हा नियम मोडतात. घोडीचा माथा रुंद आणि किंचित वक्र, त्यावर तार चाटून जाते. तंबोऱ्यात वर तारेखाली सरकवलेला जवारीचा दोरा असतो. तार घोडीला पुन्हा पुन्हा स्पर्शत राहते आणि उपस्वरांचा अख्खा थवा उठतो, काही काळ टिकतो, हळूहळू सरकतो. ध्वनियंत्रणा तपासायला याहून कडक सामग्री मला तरी माहीत नाही. ढोलकीच्या गजरात एखादा चुकलेला ठोका, बारीक ‘टक्’ सहज लपून जातो. अखंड तंबोऱ्यात तो ताबडतोब कळतो. कमी बिटरेटची एमपीथ्री ऐका: वरचे उपस्वर पाण्यातून आल्यासारखे डुचमळतात.

आणि गुणगुण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून अर्थिंगचा घोळ किंवा खराब अडॅप्टर असला की स्पीकरमधून ५० आणि त्याच्या पटीतले १००, १५० हर्ट्झ ऐकू येतात. आता गायकाचा षड्ज काळी एकचा, पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, धरा, म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्झ. तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमात लावली, तर ती येते १०४ हर्ट्झच्या आसपास. स्पीकरमधली १०० हर्ट्झची गुणगुण या पंचमाच्या खाली, पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराच्या अर्ध्याहून थोडी जास्त, बसते आणि दोघांत सेकंदाला चारेक डोल पडतात, म्हणजे आवाज तेवढ्या वेळा लहान-मोठा होतो. महावितरणची वीज तुमच्या तंबोऱ्याबरोबर बेसूर पंचम धरून बसलेली असते म्हणा ना! पाश्चात्त्य पॉप ऐकणाऱ्याला हे वर्षभर कळणार नाही. आपल्याला पाच मिनिटांत कळतं.

ही गुणगुण बहुधा कॉम्प्युटर बदलून जात नाही. कॉम्प्युटर, अ‍ॅम्प्लिफायर आणि टीव्ही तीन वेगळ्या प्लगांवर असले, वर केबलची किंवा डिशची वायर आली, की अर्थच्या दोन वाटा तयार होतात आणि त्यांच्यात बारीक प्रवाह फिरतो. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणून बघा. ऑप्टिकल वायरने डॅक जोडता आला तर उत्तम. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे त्या जोडणीपुरती वाट तुटते. अडॅप्टरची तिसरी पिन कापून गुणगुण घालवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. घरात स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल, तर वीज गेल्यावर अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर वेगळ्याच सुरात गुणगुणू लागतो. तिथे दोष डॅकचा नसतो.

अडॅप्टरबद्दल एक हिशेब सांगतो, कारण ‘पाय मधेच अडखळतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. घरात पडलेला मोबाइलचा चार्जर ५ व्होल्टचा. लांब, बारीक वायरचा रोध ०.२ ओहम धरला आणि पाय २ अँपिअर ओढत असला, तर वाटेतच ०.४ व्होल्ट गळतात. पायपाशी पोचतात ४.६. पाय ४.६३ च्या खाली गेला की कमी व्होल्टेजची तक्रार नोंदवतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. पाय ४ ला ३ अँपिअरचा आणि पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर सुचवलेला आहे. आखूड, जाड वायरीचा बरा अडॅप्टर हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड.

मग कुठलं मॉडेल? नुसती गाणी वाजवायची असतील तर झीरो २ डब्ल्यू आणि वर घड्याळवाला डॅक-बोर्ड, झालं. त्याच्या साध्या आवृत्तीत पिना बसवलेल्या नसतात, सोल्डरिंग करून घ्याव्या लागतात, आणि वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे. जाड दगडी भिंतींच्या जुन्या वाड्यात तेच सोयीचं, कारण ५ गिगाहर्ट्झ भिंतीत लवकर विरतं. यूएसबी डॅक आणि यूएसबी डिस्क दोन्ही लावायची असतील तर पाय ४. पाय ३ पर्यंतच्या लॅनवाल्या मॉडेलांत यूएसबी आणि लॅन एकाच अरुंद वाटेने जात, आणि पहिल्या पिढीत त्या गर्दीत यूएसबी डॅक टकटक करायचे. २०१९ च्या पाय ४ मध्ये दोघांना वेगळ्या वाटा मिळाल्या. घरात पाय ३ चांगला वाजत असेल तर बदलू नका. पाय ५ छान यंत्र आहे, पण गाण्यासाठी घेतला तर त्याचे कोअर बहुतेक वेळ रिकामे बसून राहतील. वर त्याला बहुधा पंखा लावतात, आणि मंद आलापात पंख्याचा आवाज मला सोसत नाही.

यूएसबी ३ ची डिस्क पायला खेटून ठेवू नका. तिच्या वायरीतून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो आणि वाय-फाय लंगडतं. इंटेलने २०१२ मध्ये हे मोजून दाखवलं आहे. डिस्क वीतभर लांब सरकवली की कित्येकदा काम भागतं.

मोठं यंत्र खरोखर लागतं ते वेगळ्या कामांना: खोलीचा प्रतिध्वनी मोजून तो गणिताने दुरुस्त करणं, सगळं गाणं डीएसडी या एकेका बिटाच्या वेगळ्या साच्यात बदलून वाजवणं, रून हे संगीतसंग्रह सांभाळणारं सॉफ्टवेअर चालवणं. तिथे ऑफिसांतून निघालेला सेकंडहँड मिनी पीसी घ्यावा. डेलचे मायक्रो, लेनोवोचे टायनी, एचपीचे मिनी. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी टी असेल तर तो कमी वीज खाणारा. स्वस्थ बसलेला असा पीसी दहाएक वॅट घेतो, म्हणजे दिवसरात्र चालू ठेवला तर महिन्याला साताठ युनिट. पाय ४ तीन वॅटच्या आसपास, म्हणजे दोन युनिट. कोपऱ्यातला जुना टॉवर साठ वॅट घेत असेल तर ४३ युनिट, आणि ते बिल बघून घरात जो राग आळवला जाईल त्याला वेळेचं बंधन नसतं. पीसीत हार्डडिस्क असेल तर ती काढून एसएसडी घाला. आवाज सुधारत नाही, पण घरघर थांबते.

वीज अचानक जाण्याचं मात्र मनावर घ्यावं लागतं. एसडी कार्डावर काही लिहिलं जात असताना वीज गेली, की कार्डावरची फाइलींची नोंदवही फाटते आणि पाय कित्येकदा पुन्हा उठत नाही. पायकोअरप्लेअर ही पायवर गाणी वाजवणारी प्रणाली सुरू झाल्यावर सगळी रॅममध्ये चालते, कार्डाला हात लावत नाही. लोडशेडिंगच्या गावात हा गुण डॅकच्या दोन बिटांपेक्षा मोलाचा. व्होल्युमिओ आणि मूड या अशाच दुसऱ्या प्रणाली दिसायला देखण्या आहेत, तिथे बंद करण्याची आज्ञा देऊन मगच प्लग काढायची सवय लावावी.

सॉफ्टवेअर निवडताना आणखी एक गोष्ट तपासा. बडा ख्याल एका ट्रॅकवर संपतो, द्रुत पुढच्या ट्रॅकवर सुरू होते, पण तंबोरा मधे थांबलेला नसतो. एमपीथ्री बनवताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते. प्लेअरने ती नीट छाटली नाही तर दोन ट्रॅकांच्या सांध्यावर तंबोरा गुचकी देतो. फ्लॅकमध्ये ही भर नसते. शिवाय हे सगळे प्लेअर अल्बम-कलाकार-गाणं या साच्यात विचार करतात, राग कुठे टाकायचा याचा खाना त्यांच्याकडे नाही. मी तो ‘जॉनर’च्या खान्यात घालतो, म्हणजे संध्याकाळी पूरिया म्हटलं की सगळे पूरिया एका ओळीत येतात. नावं देवनागरीत ठेवली तरी लिनक्सला अडचण येत नाही.

राहिली साठवण. सीडीचा एक तास ६३५ एमबी, फ्लॅकमध्ये साधारण साडेतीनशे. म्हणजे एका टीबीच्या डिस्कवर अडीच हजार तासांहून जास्त गाणं मावतं. प्रोसेसरवर वाचवलेल्या पैशांतून अशा दोन डिस्क घ्या आणि दुसरी नदीकाठापासून लांब ठेवा. २००५, २०१९, २०२१ हे पूर पाहिलेल्या सांगलीकराला याचं कारण सांगायची गरज नाही. माझी दुसरी प्रत विट्याला नातेवाइकांकडे कपाटात असते. अधूनमधून ती आणून जोडतो आणि तपासतो. प्रत्येक फ्लॅक फाइल बनतानाच तिच्यात मूळ आवाजाचा एक आकडी ठसा साठवला जातो. तपासणीची आज्ञा दिली की कॉम्प्युटर पूर्ण फाइल उलगडतो, नवा ठसा काढतो आणि जुन्याशी ताडून बघतो. एखादी फाइल कुजली असेल तर तिचं नाव समोर येतं आणि पहिल्या डिस्कवरून ती पुन्हा उतरवून घेता येते. हजारो फाइल असल्या तर पाय यात रात्र घालवतो, मिनी पीसी बराच आधी मोकळा होतो.