समुपदेशकाच्या शिक्षणात रेकॉर्डिंग कशाला?

समुपदेशक जितका अनुभवी तितका चांगला, असं आपण धरून चालतो. २०१६ मध्ये अमेरिकेत १७० थेरपिस्ट आणि त्यांच्या साडेसहा हजारांहून अधिक क्लायंटच्या नोंदी तपासल्या गेल्या. अनुभव वाढत गेला तसे उपचारांचे परिणाम सरासरीने किंचित घसरलेलेच दिसले. घसरण अगदी थोडी होती आणि काहीजण सुधारलेही. पण नुसती वर्षं उलटून हात बसत नाही, एवढं कळलं.

कारण सोपं आहे. गायकाचा सूर चुकला तर त्याला तिथल्या तिथे ऐकू येतं. समुपदेशकाचं चुकलं तर क्लायंट मान डोलावतो आणि पुढच्या वेळी येत नाही. २००५ मधल्या एका अभ्यासात थेरपिस्टना विचारलं होतं, तुमच्या कोणत्या क्लायंटची तब्येत बिघडेल? ५५० क्लायंटपैकी त्यांनी तिघांकडे बोट दाखवलं. प्रत्यक्षात ४० जणांची बिघडली.

म्हणून विद्यापीठांत विद्यार्थ्याचं सत्र रेकॉर्ड करतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी हे तबकड्यांवर सुरू केलं आणि १९४२ मध्ये एका क्लायंटची सगळी सत्रं शब्दशः छापली. नॉर्मन कॅगन यांनी १९६०च्या दशकात त्यापुढची युक्ती काढली. विद्यार्थी स्वतःचं रेकॉर्डिंग बघतो, वाटेल तिथे थांबवतो. सोबत बसलेला माणूस चूक-बरोबर काही सांगत नाही, फक्त विचारतो: इथे तुझ्या मनात काय चाललं होतं? मग बाहेर येतं की क्लायंट रडू लागला तेव्हा याला भीती वाटली, म्हणून याने घाईघाईने विषय बदलला. व्याख्यानातून हे कधीच हाती लागलं नसतं.

अडचण एकच, पण मोठी. विद्यार्थ्याच्या सत्रांवर देखरेख ठेवणारा जो सुपरव्हायझर शिकवतो तोच बहुधा मूल्यमापनही करतो. साहजिकच विद्यार्थी आपलं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग घेऊन जातो. सुपरव्हायझरपासून काही ना काही लपवलं, असं १९९६ मधल्या एका पाहणीत जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षणार्थीने कबूल केलं होतं. माझ्या मते अभ्यासक्रमात आणखी एक सिद्धांत घालण्यापेक्षा ‘फसलेलं सत्र आण’ असं सांगणारा सुपरव्हायझर जास्त मोलाचा.

अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत इंटर्नशिप ६०० तासांची असते. त्यातले किमान २४० तास प्रत्यक्ष क्लायंटसोबत आणि दर आठवड्याला सुपरव्हिजन. परवाना हातात आला की मात्र बंद दारामागचं सहसा कोणी ऐकत नाही. काही क्लिनिकमध्ये आता क्लायंट दर सत्रात एक छोटी प्रश्नावली भरतो आणि गाडी रुळावरून घसरत असेल तर थेरपिस्टला वेळीच इशारा मिळतो. अशा बिघडत चाललेल्या केसेसमध्येच या पद्धतीचा सर्वाधिक उपयोग दिसला आहे.