गज ओढतो, बोट छेडते: व्हायोलिन-गिटार जोडीचे ध्वनिविज्ञान

व्हायोलिन आणि गिटार या दोन्ही वाद्यांचा आवाज ताणलेल्या तारेतूनच निघतो. परंतु त्या तारेला ऊर्जा मिळण्याची रीत इतकी वेगळी आहे की, एखादी अभिजात रचना किंवा लोकप्रिय गाणे या जोडीसाठी बसवताना संयोजकाचे बहुतेक निर्णय त्या फरकावरच ठरतात.

गिटारची तार छेडली की तिला सगळी ऊर्जा एकदाच मिळते आणि पुढे स्वर फक्त विरत जातो. त्यातही वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर, आधी विरत असल्यामुळे सुरुवातीची खणखणीत धार लवकर बोथट होते. व्हायोलिनचा गज मात्र ऊर्जा पुरवत राहतो. राळ लावलेले गजाचे केस तारेला धरून ओढतात, ताण वाढला की तार निसटते आणि लगेच पुन्हा पकडली जाते. 440 हर्ट्झच्या स्वरात हे सेकंदाला 440 वेळा घडते. डोळ्यांना ती तार फुगीर दिसते, पण प्रत्यक्षात कोणत्याही क्षणी तिला एकच टोकदार कोन पडलेला असतो आणि तो तारेच्या दोन टोकांमध्ये फेऱ्या मारत असतो. ही गती जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात उलगडली आणि तिचा सविस्तर सिद्धांत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1918 मध्ये कोलकात्यातून प्रसिद्ध केला. (प्रकाशाच्या विकिरणामुळे जगाला माहीत झालेले रामन त्याआधी बराच काळ तारांच्या नादी लागले होते, हे सहसा विसरले जाते.)

त्यामुळे लांब पल्ल्याची चाल साहजिकच व्हायोलिनकडे जाते. पियानोवर दहा बोटांनी दाबलेला भरगच्च स्वरमेळ गिटारच्या सहा तारांवर मावत नाही; तेव्हा खर्जातला आधारस्वर आणि मेळाचा रंग ठरवणारा गांधार ठेवून पंचम बेलाशक गाळला जातो आणि उरलेले स्वर एकामागून एक छेडून नाद टिकल्याचा भास निर्माण केला जातो. तालवाद्याची उणीवही गिटारच भरून काढते. व्हायोलिनवादक ग्रापेली आणि गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्या 1934 मधील पॅरिसच्या जॅझ पंचकात ड्रम नव्हतेच. इटालियन व्हायोलिनवादक व संगीतकार पागानिनी स्वतः दोन्ही वाद्ये वाजवत असे, आणि त्याने या जोडीसाठी भरपूर लिहिले.

पट्टी निवडताना डी किंवा ए मेजर सोयीची पडते, कारण त्यांत दोन्ही वाद्यांच्या खुल्या तारा कामी येतात आणि न छेडलेल्या ताराही अनुनादाने झंकारतात.

खरी कसोटी सुरांची आहे. गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात, तर व्हायोलिनला पडदेच नसल्याने वादकाचे बोट कानाला गोड लागेल तिथे सरकते. 440 हर्ट्झच्या षड्जावर शुद्ध गांधार 550 हर्ट्झवर येतो, गिटारच्या पडद्यावर मात्र तो सुमारे 554.4 हर्ट्झचा असतो. दोघांनी तो एकाच वेळी धरला, तर सेकंदाला चारहून अधिक विस्पंद, म्हणजे आवाजाचे चढउतार, पडतात आणि सूर थरथरल्यासारखा ऐकू येतो. द्रुत लयीत हे कळतही नाही. संथ जागी मात्र जाणता संयोजक एरवी जपलेला गांधार गिटारकडून काढून घेतो, तिच्याकडे नुसते षड्ज-पंचम ठेवतो आणि गांधार लावण्याचे काम एकट्या व्हायोलिनवर सोपवतो.