कॉम्प्सोग्नॅथस

सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, जुरासिक काळाच्या अखेरीस, आजच्या जर्मनी आणि फ्रान्सच्या भागात वावरणारा लहान चणीचा थेरोपॉड (दोन पायांवर चालणाऱ्या, बहुतेक मांसाहारी गटातला) डायनासोर. ग्रीक नावाचा अर्थ ‘नाजूक जबड्याचा’. त्याचे बऱ्यापैकी पूर्ण सांगाडे दोनच आहेत. पहिला जर्मनीच्या बव्हेरियातल्या चुनखडीत मिळाला. शिळाछापासाठी दगड पुरवणारी ही बारीक पोताची चुनखडी आर्किऑप्टेरिक्स या पंखधारी जीवाश्मासाठीही प्रसिद्ध आहे. डॉक्टरकी करणारे संग्राहक योझेफ ओबर्नडॉर्फर यांच्याकडच्या या नमुन्याला जीवाश्मतज्ज्ञ आंद्रेआस वाग्नर यांनी १८५९ मध्ये नाव दिले. त्याची लांबी ८९ सेंमी., तीही बरीचशी शेपटीची. ‘कोंबडीएवढा डायनासोर’ ही ख्याती याच नमुन्यामुळे. तो बहुधा पुरता वाढलेला नव्हता. नीसजवळ सापडून १९७२ मध्ये वर्णन झालेला फ्रेंच सांगाडा सव्वा मीटर भरतो.

आहाराबाबत पुरावा थेट पोटातलाच आहे. जर्मन नमुन्याच्या बरगड्यांआड एका इवल्याशा प्राण्याची हाडे दिसतात. अमेरिकेचे जीवाश्मतज्ज्ञ ओथनील मार्श यांना १८८१ मध्ये ते पोटातले पिल्लू वाटले. १९०३ मध्ये फ्रान्झ नॉप्सा यांनी तो सरडा असल्याचे सांगितले, म्हणजे पिल्लाचे भक्ष्य झाले! १९७८ मध्ये जॉन ऑस्ट्रम यांनी तो बव्हारिसॉरस या नामशेष प्रकारातला सरडा असल्याचे ठरवले. सरड्याची लांब शेपटी आणि पाय पाहता तो चपळ असणार. त्याला धरणाऱ्याची नजर तीक्ष्ण आणि धाव वेगवान असायला हवी, असा त्यांचा तर्क. २०१८ मध्ये हा सरडा वेगळ्याच प्रजातीचा ठरला. तिचे नाव ‘शोनेसमाल डिस्पेप्सिया’: आधी ‘छान जेवण’, मग ‘अपचन’. शास्त्रीय नावांत इतका खट्याळपणा क्वचितच आढळतो.

फ्रेंच नमुन्याच्या पोटातही सरड्यासारख्या लहान सरपटणाऱ्यांचे अवशेष आहेत. दात बारीक आणि अणकुचीदार असल्याने लहान भक्ष्य धरायला सोयीचे. तरी दोन पोटांवरून संपूर्ण आहार ठरवणे धाडसाचे. कीटकांसारखे मऊ खाद्य पोटात सहसा टिकत नाही, त्यामुळे ते पुराव्यातून निसटले असू शकते. चीनमधल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या जवळच्या नातलगाच्या एका नमुन्यात सरडा, तर दुसऱ्यात छोट्या सस्तन प्राण्यांचे जबडे मिळाले आहेत.