वाळणारे गवत आणि वाहती गंगा

'मेक हे व्हाइल द सन शाइन्स' (ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या) या इंग्रजी म्हणीला मराठी प्रतिशब्द म्हणून 'वाहत्या गंगेत हात धुवून घेणे' हा वाक्प्रचार सर्रास दिला जातो. दोन्हींत संधी साधण्याची गोष्ट आहे, एवढ्यावरच ही जोडी जमवलेली दिसते. परंतु त्यामुळे मूळ म्हणीतल्या कष्टकरी शेतकऱ्यावर मोठा अन्याय होतो.

ही म्हण इंग्लंडच्या कुरणांतली आहे. हिवाळ्यात तेथे चराई पुरत नाही, म्हणून जनावरांसाठी उन्हाळ्यातच गवत कापून, वाळवून साठवावे लागते. ताज्या गवताच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते आणि ते १५ ते २० टक्क्यांपर्यंत उतरल्याशिवाय गंजी रचणे धोक्याचे ठरते, कारण ओल्या गवताला बुरशी लागते आणि कधी कधी आतल्या उष्णतेने गंजी आपोआप पेटतेसुद्धा. यंत्रे नव्हती तेव्हा कापलेले गवत पसरायचे, दाताळ्याने उलटायचे, दव पडण्याआधी त्याचे ढीग करायचे आणि सकाळी ते पुन्हा पसरायचे, असे काम सलग काही कोरडे दिवस मिळाले तरच तडीस जाई. मध्येच पावसाने गाठले की गवताचा कसच धुऊन जाई. जॉन हेवूड यांच्या १५४६ सालच्या म्हणींच्या संग्रहात ही म्हण आढळते आणि वेळ निसटण्यापूर्वी ती साधावी, असा अर्थही तेथेच दिलेला आहे.

गंगेत हात धुणाऱ्याचे तसे नाही. गंगा दुसऱ्याच कारणाने वाहत असते. तो केवळ काठावर आलेला असतो. गावच्या रस्त्यासाठी खडी आली असता कोणी स्वतःच्या अंगणातही चार पाट्या टाकून घेतल्या, तर हा वाक्प्रचार चपखल बसतो, आणि बोलणाऱ्याच्या स्वरात बहुधा नापसंती असते. 'तापल्या तव्यावर पोळी भाजून घेणे' हा पर्यायही याच कारणाने लंगडा पडतो.

मूळ भाव आपल्याकडे शोधायचाच असेल, तर मला वाफसा अधिक जवळचा वाटतो. पावसानंतर जमीन चिखलही नसते आणि कडकही झालेली नसते, मुठीत दाबलेला मातीचा गोळा बोट लावताच फुटतो, अशा मोजक्या दिवसांत शेतकरी पहाटेपासून पेरणीसाठी तिफण धरतो.